वारशाची बंदूक आणि कायद्याची कात्री

जॉन फोर्ड यांच्या १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’ चित्रपटात जॉन वेन पडद्यावर प्रथम दिसतो तो रस्त्यात उभा राहून हातातील कार्बाइन गर्रकन फिरवताना. ती एका हाताने फिरवता यावी यासाठी तिच्या चापाभोवतीची पोलादी कडी नेहमीपेक्षा बरीच मोठी करून घेतली होती. एरवी या मोठेपणाचा उपयोग फारसा नाही. जाड हातमोजे घालणाऱ्याला थोडी सोय, इतकेच. तरीही आज अमेरिकेत ही मोठी कडी सुटा भाग म्हणून विकली जाते आणि हौशी माणसे ती आवर्जून बसवून घेतात.

या बंदुकीला लिव्हर-ॲक्शन म्हणतात. चापाचे रक्षण करणारी कडी हीच तिची तरफ. ती खाली ढकलली की उडालेले काडतूस बाहेर फेकले जाते व घोडा मागे जातो. परत वर ओढली की नळीखालच्या पुंगळीतून नवे काडतूस आत सरकते. ही सगळी किमया दोन हालचालींत घडते आणि बंदूक खांद्यावरून खाली घ्यावी लागत नाही. विंचेस्टर कंपनीचे १८७३चे प्रारूप, पुढे जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली १८९२ आणि १८९४ची प्रारूपे, मार्लिन कंपनीची ३३६ ही या घराण्यातील नामांकित मंडळी. एकट्या १८९४च्या प्रारूपाच्या सत्तर लाखांहून अधिक बंदुका बनल्या. साधारण वीस इंची नळीची कार्बाइन वजनाला तीन किलोच्या आसपास भरते. घोड्याच्या खोगिरालगतच्या म्यानात ती बसावी, हाच तिच्या आखूडपणाचा मूळ हेतू होता.

अशी बंदूक आपल्या हाताला जुळवून घेणे हा तिकडे एक रसिक उद्योग आहे. कोणी कडीला चामड्याची पट्टी गुंडाळतो, म्हणजे थंडीत बोटे सोलवटत नाहीत. कोणी दस्त्यावर काडतुसे खोवण्याचा चामडी पट्टा चढवतो. नजर मंदावलेला गृहस्थ नळीवरची जुनी खाच काढून मागच्या बाजूला मोठ्या छिद्राचे नेमयंत्र लावतो. जाणकार मात्र आधी आतल्या यंत्रणेकडे वळतात. एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग तलम करणे, कडक स्प्रिंगच्या जागी मऊ स्प्रिंग बसवणे, यांतून कडी अशी फिरू लागते की ऐकणाऱ्यालाही फरक कळावा. प्रत्येक फेरबदलाला यंत्राने घातलेल्या मर्यादा असतात. जुन्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस वरच्या बाजूने उडत असल्यामुळे तिच्यावर दुर्बीण नीट बसत नसे. मार्लिनमध्ये ते बाजूने पडते, म्हणून दुर्बिणीचे शौकीन मार्लिनकडे वळले. पुंगळीत काडतुसे एकामागे एक बसत असल्याने टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या ठिणगीटोपीवर आदळण्याचा धोका असतो. म्हणून या बंदुकांत सहसा चपट्या तोंडाची गोळी वापरतात. आता काळ्या प्लास्टिकचे दस्ते आणि विजेरी लावण्याच्या पट्ट्याही आल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर हा साज मला विजोड वाटतो. पण ज्याची बंदूक त्याची आवड.

त्या मोकळ्या देशातही एक रेघ आहेच. १९३४च्या संघीय कायद्यानुसार रायफलची नळी सोळा इंचांहून आखूड करायची तर सरकारदरबारी आधी नोंद आणि मंजुरी लागते.

भारतात हीच हौस कोणाला असेल तर? तरफेची बंदूक आपल्याला सर्वस्वी परकी नाही. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री ही एकेरी बंदूक कडी खाली ओढूनच उघडत असे. जिम कॉर्बेट यांनी ‘जंगल लोअर’मध्ये शाळकरी वयात हाती आलेल्या मार्टिनीची आठवण सांगितली आहे. कोण्या शिकारी पूर्वजाने आणलेली एखादी विंचेस्टर जुन्या घरात वारशाने चालत आलेली असू शकते. मात्र अशा बंदुकीच्या मालकाची पहिली अडचण काडतुसांची. लष्करी ३०३ काडतुसे प्रजेच्या हाती जाऊ नयेत, हे धोरण इंग्रजांच्या काळापासूनचे. त्यामुळे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यातून नागरिकांसाठी ३१५ बोअरची रायफल निघू लागली आणि तीच आपल्याकडची ओळखीची रायफल ठरली. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बारा बोअरची काडतुसे देशभर ठाऊक आहेत. परंतु अमेरिकी कार्बाइनचे ३०-३० काडतूस आपले सरकारी कारखाने बनवत नाहीत. त्यातच १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी शस्त्रांची आयात जवळपास बंद आहे. परिणामी जुन्या विलायती बंदुकांचे भाव अवाच्या सवा वाढले, आणि ज्यांना काडतूस मिळत नाही त्या कपाटाच्या धनी झाल्या.

दुसरी अडचण कायद्याची. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे सहावे कलम परवान्याविना बंदुकीची नळी आखूड करण्यास मनाई करते. २०१९च्या दुरुस्तीने त्यात एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करण्याचीही भर घातली आणि शिक्षा किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी वाढवली. दुरुस्तीचे काम करणाऱ्या कारागिरालाही स्वतंत्र परवाना लागतो. थोडक्यात, चामड्याची पट्टी गुंडाळा, दस्त्याला तेल पाजा, नळी पुसा; यापुढे जायचे तर आधी कायदा वाचा. मला ही कडक भूमिका चुकीची वाटत नाही. कापलेल्या नळीची बंदूक अंगरख्याखाली लपते, आणि ती कशासाठी लपवली जाते हे सांगण्याची गरज नाही.

तक्रार आहे ती त्याच दुरुस्तीतील दुसऱ्या तरतुदीबद्दल. पूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. मूळ विधेयकात ही मर्यादा एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोधानंतर डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने ती दोनवर आणली. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजायची आणि उरलेली एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, असा आदेश निघाला. मान्यताप्राप्त नेमबाज आणि रायफल क्लब यांना सवलत राहिली. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातील अनेक घरांपुढे तेव्हा एकच प्रश्न उभा राहिला असेल: तीनांतली कोणती द्यायची? ज्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखायचे आहे, तो बारा बोअरची ठेवणार. ज्याला स्वसंरक्षणाची चिंता आहे, तो रिव्हॉल्व्हर ठेवणार. आजोबांची कडीची कार्बाइन, जिला काडतूसच मिळत नाही, ती पोलीस ठाण्याच्या वाटेला लागणार. जिच्यापासून समाजाला सर्वांत कमी धोका, तीच आधी घराबाहेर गेली.

बंदुकीने होणाऱ्या गुन्ह्यांत परवान्याची शस्त्रे थोडी आणि बिगरपरवाना गावठी कट्टे पुष्कळ, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात. कट्टा बनवणारा मर्यादा वाचत नाही. पंजाब आणि उत्तर प्रदेशातील लग्नांत हवेत गोळ्या झाडून जीव घेणारे मात्र अनेकदा परवानाधारकच असतात, हेही विसरून चालणार नाही; २०१९च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला शिक्षा ठेवली, ती योग्यच आहे. आक्षेप इतकाच, की वापराचे शस्त्र आणि स्मरणाचे शस्त्र कायद्याने एकाच काट्यावर तोलले. अधिनियमाचे पंचेचाळिसावे कलम जुनाट शस्त्राला मोकळीक देते खरे, परंतु दुरुस्त करूनही ते कधी चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच! २०२०च्या नियमबदलाने ‘क्युरिओ’ ठरणारी लहान शस्त्रे भारतीय नागरिकाला परवान्याविना बाळगण्याची वाट उघडली. वापरण्यासाठी परवाना लागतोच. ही वाट चांगली आहे. ती जिल्ह्याच्या शस्त्र शाखेतील लिपिकापासून गावातल्या वारसापर्यंत पोहोचवणे, बंदूक जमा करून घेण्याआधी ती या व्याख्येत बसते का हे तपासणे, हे प्रशासनाचे काम आहे. एकदा मालखान्यातल्या ढिगात पडलेल्या विंचेस्टरला गंज धरायला दोन पावसाळे पुरतात.

शस्त्र आणि स्मरण यांची सांगड घालणारा एक जिल्हा आपल्याकडे आहे. कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्याच्या अटीतून सूट आहे. तिची सुरुवात १८६१ सालची. सध्याची मुदत ऑक्टोबर २०२९पर्यंत. तिला आव्हान देणारी याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली. एका समाजाला जे चालते ते इतरांना का नाही, हा प्रश्न तरीही रास्तच आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

पण सप्टेंबरच्या आरंभी, भाताची लावणी आटोपल्यावर तेथे कैलपोळ्द साजरा होतो. घरातील बंदुका आणि कोयते पुसून, तेल लावून देवघरापुढे मांडतात. बंदुकीच्या तोंडात कळलावीचे लाल-पिवळे फूल खोवतात. कोडवांच्या भाषेत त्याचे नावच ‘तोक पू’, म्हणजे बंदुकीचे फूल. त्या दिवशी बंदुकीला एवढाच साज. पूजा झाली की गावातली मंडळी मैदानावर जमतात आणि उंच झाडाला बांधलेल्या नारळावर पाळीपाळीने नेम धरतात.