संत्र्याच्या फोडीनंतरचा अर्धा तास

आंबिया बहाराचं संत्रं वरूड-मोर्शीकडून अमरावतीच्या बाजारात आलं, की घरोघरी सालींचे ढीग पडतात. एक फोड दाताखाली फुटते आणि तोंडात केवढी तरी उलथापालथ सुरू होते. आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे एकमेकांना घट्ट भिडलेले स्फटिक. ते घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. मोडलेलं हाड सांधतं, कापलेलं बोट भरून येतं. इनॅमल पुन्हा तयार होत नाही. आणि एवढं कणखर कवच तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की विरघळू लागतं. संत्र्याचा रस असतो 4 च्या आसपास!

मग वर्षानुवर्षं संत्री खाणाऱ्यांचे दात टिकले कसे? लाळेमुळे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात येते. तिच्यातलं बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडतं आणि तिच्यातच विरघळलेलं कॅल्शियम-फॉस्फेट मऊ पडलेल्या पृष्ठभागात परत जाऊन बसतं. ही डागडुजी प्रत्येक खाण्यानंतर होते, आयुष्यभर, न सांगता. म्हणून संत्रं खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. मऊ झालेला थर घासून निघतो. पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-एक तास लाळेला तिचं काम करू द्यावं.

साखरेची गोष्ट याहून विलक्षण आहे. दातांवरचे जिवाणू ती खाऊन काही मिनिटांत आम्ल बनवतात. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे 1945 पासून झालेल्या प्रयोगात दिसलं, की जेवणाबरोबर साखर खाल्ली तर दात फारसे किडत नाहीत. तीच चिकट टॉफीतून, मधल्या वेळी, पुन्हापुन्हा खाल्ली की झपाट्याने किडतात. तो प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या रुग्णालयातल्या असहाय माणसांवर झाला, हे विसरता येत नाही. पण त्यातून कळलं ते अकोल्याच्या कचेरीत दर तासाला गोड चहा घेणाऱ्याला थेट लागू पडतं. प्रत्येक कपागणिक आम्लाची नवी लाट, आणि आधीची ओसरायच्या आतच पुढची. चहा सोडा असं मी म्हणणार नाही. दोन-तीनदा घ्या, सलग पिऊन संपवा, घोट घोट लांबवू नका. मधल्या वेळी भूक लागली तर फुटाणे, शेंगदाणे आहेतच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा असं चावून चावून खायचं जेवण तर लाळेला पाझरच फोडतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून बाळाला दुधाची गोड बाटली तोंडात ठेवून निजवणं सर्वांत घातक.

हिरड्यांकडे वळलं की तेच संत्रं कैवारी होतं. दात हाडात रुतवून बसवलेला नसतो. कोलॅजन या प्रथिनाच्या, खाटेच्या सुंभासारख्या असंख्य बारीक धाग्यांवर तो पेललेला असतो. हे धागे सतत झिजतात, सतत नवे विणले जातात, आणि त्या विणीला क जीवनसत्त्व लागतं. ते फार काळ मिळालं नाही तर हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात. हाच खलाशांना होणारा स्कर्व्ही. त्यावर जहाजावरचा डॉक्टर जेम्स लिंड याने 1747 मध्ये बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं. फळं सहा दिवसांतच संपली, तरी सर्वांत लवकर सावरले ते हेच दोघे.

आपल्याकडे हिरड्यांचा मोठा वैरी आहे सुपारी-तंबाखूचा खर्रा. सुपारीमुळे तोंडाची आतली कातडी ताठर होत जाते, पुढे घास घेण्यापुरतंही तोंड उघडत नाही. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, त्यामुळे आत आजार वाढत असतानाही रक्त फारसं येत नाही. खर्रा खाणाऱ्याने म्हणूनच रक्त दिसायची वाट न पाहता दातांच्या डॉक्टरकडे जाऊन हिरड्या तपासून घ्याव्यात.