वकिलातींचा आकस्मिक खर्च

परराष्ट्रांत वकिलात चालविण्याचा नेहमींचा खर्च अगोदर आंखतां येतो. इमारतींचें भाडें, नोकरांचे पगार, टपाल आणि प्रवास यांचा आकडा वर्षारंभीं मांडून कायदेमंडळाची मंजुरी घेतां येते. परंतु कोणत्या शहरांत अकस्मात् लढाई जुंपेल, कोणत्या किनाऱ्यावर जहाज फुटून खलाशी निराधार होतील, याचें अंदाजपत्रक कोणासही करतां येत नाहीं. अशा प्रसंगीं मंजुरीची वाट पाहत बसल्यास माणसें प्राणांस मुकतात; आणि अधिकाऱ्याच्या हातीं पैसा मोकळा सोडल्यास उधळपट्टीचें भय असतें. या पेचांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं कसा मार्ग काढला, त्याचा इतिहास दोन शतकांहून अधिक जुना व उद्बोधक आहे.

आरंभ खलाशांपासून झाला. परक्या बंदरांत अडकून पडलेल्या निर्धन अमेरिकन खलाशांस पोसण्याचें काम १७९२ च्या कायद्यानें कॉन्सलांकडे सोंपविलें; मात्र माणशीं दररोज १२ सेंटांहून अधिक खर्च करूं नये, अशी मर्यादाही घातली. १८०३ सालीं आणखी एक तरतूद झाली. परदेशीं जहाज विकून खलाशांस सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांचा जादा पगार कॉन्सलाजवळ भरावा लागे. त्यांतील दोन भाग खलाशास मिळत व तिसरा भाग निराधार खलाशांच्या निधींत जमा होई. ज्या धंद्यांतून संकट उद्भवतें त्या धंद्यानेंही त्याचा वांटा उचलावा, हें तत्त्व येथें दिसून येतें.

खलाशांच्या जेवणाचा हिशेब उघड मांडतां येतो. मुत्सद्देगिरीच्या सर्वच खर्चाचा मांडतां येत नाहीं. गुप्त बातमी आणणाऱ्याचें नांव पावतीवर लिहिलें, तर त्याच्या जिवावरच बेतावयाचें. यास्तव १७९० सालीं काँग्रेसनें परराष्ट्रव्यवहारासाठीं वर्षाला ४०,००० डॉलरपर्यंत रक्कम अध्यक्षांच्या हवालीं केली, आणि जो खर्च उघड करणें इष्ट नाहीं त्याची केवळ एकंदर रक्कम कळविण्याची मोकळीक त्यांस दिली. अशा खर्चास अध्यक्षांचा दाखला पुरेसा मानावा, असें १७९३ च्या कायद्यानें ठरलें.

या दाखल्यांवरून १८४६ मध्यें मोठा वाद झाला. डॅनिएल वेब्स्टर हे परराष्ट्रमंत्री असतांना गुप्त निधीचा दुरुपयोग झाला, असा आरोप निघाला व प्रतिनिधिगृहानें त्या काळांतील दाखल्यांचा तपशील मागितला. अध्यक्ष पोक यांनीं तो देण्याचें नाकारलें. पूर्वाधिकाऱ्यानें कायद्याच्या आधारें गुप्त राखलेला खर्च उत्तराधिकाऱ्यानें उघडा केला, तर पुढें कोणाचाही अशा गुप्ततेवर विश्वास बसणार नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. तथापि महाभियोगाची चौकशी चालू असल्यास सभागृहापासून कांहींही लपवितां येणार नाहीं, हेंही त्यांनीं मान्य केलें. गुप्ततेचें कुलूप असावें, परंतु त्याची एक किल्ली लोकप्रतिनिधींजवळ राहावी, असा याचा इत्यर्थ.

निराळ्या प्रकारची कसोटी १९१४ च्या ऑगस्टमध्यें लागली. महायुद्ध पेटतांच युरोपांतील बँकांचे व्यवहार विस्कळीत झाले आणि अमेरिकन प्रवाशांजवळचीं पतपत्रें कोणी घेईना. सधन माणसांनाही खाणावळीचें देणें भागवितां येईना, कीं बोटीचें तिकीट काढतां येईना. काँग्रेसनें तत्काळ २५ लक्ष डॉलर मंजूर केले व ‘टेनेसी’ ही युद्धनौका सोनें घेऊन युरोपास निघाली. पुढें अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर यांच्या पुढाकारानें लंडनमध्यें स्वयंसेवकांची समिति उभी राहिली व तिनें अडकलेल्यांस कर्जाऊ रकमा दिल्या.

आजच्या व्यवस्थेंत हे सर्व धागे एकत्र आले आहेत. ‘राजनैतिक व कॉन्सल सेवेंतील आणीबाणी’ या नांवाची स्वतंत्र बाब अमेरिकेच्या अंदाजपत्रकांत असते. २०२० च्या आर्थिक वर्षासाठीं तिजखालीं ७८,८५,००० डॉलर मंजूर झाले होते. रक्कम लहान खरी. परंतु ती वर्षअखेर परत जात नाहीं, खर्च होईपर्यंत हातीं राहते. जीवितास धोका असलेल्या ठिकाणाहून नागरिकांस हलविणें, गुन्हेगारांची माहिती देणाऱ्यांस बक्षिसें देणें, असे खर्च तींतून होतात. हलविलेल्या नागरिकाकडून सामान्यतः वचनचिठ्ठी लिहून घेतात. मात्र संकटापूर्वीं त्या प्रवासास जें वाजवी विमानभाडें पडलें असतें, तेवढेंच मागावयाचें, असा दंडक आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्यें काबूलहून माणसें बाहेर काढतांना सरकारनें ही वसुलीही सोडून दिली. प्राण वांचविण्याच्या घाईंत रोखा पुढें करणें शोभत नाहीं, हें तेव्हां दिसून आलें.

भारतानें २००९ सालीं भारतीय समुदाय कल्याण निधि स्थापन केला. प्रथम कांहीं देशांपुरता असलेला हा निधि पुढें सर्व वकिलातींस लागू झाला. वकिलातींत येणाऱ्या लोकांच्या कामांवर जें अल्प शुल्क बसतें त्यांतून तो मुख्यतः भरतो. अडचणींतील कामगारास तात्पुरता निवारा, परतीचें तिकीट, निर्धनाचा मृतदेह स्वदेशीं पाठविणें, हे खर्च त्यांतून भागतात. २०१५ मध्यें येमेनमधील युद्धांतून सोडविलेले अनेक भारतीय जहाजानें जिबूतीस व तेथून हवाईदलाच्या विमानांनीं मुंबई आणि कोची येथें पोंचले. त्या मोहिमेंत ४,६०० हून अधिक भारतीयांबरोबर ९०० हून अधिक परकीयांचीही सुटका झाली.

परक्या मुलुखांत सांपडलेल्या माणसास आपलें सरकार ओळखूं येतें तें वकिलातीच्या दाराशीं. तें दार मध्यरात्रीं उघडण्यास पैसा हातीं तयार हवा. आणि सकाळीं त्या पैशाचा हिशेब विचारणारा कोणी तरी हवा. यांपैकीं एक जरी नसेल, तरी दुसऱ्याचा उपयोग फार काळ टिकत नाहीं.