आठवड्याला एक नाटक : ब्रिटिश नटाची घडण

'डाय हार्ड' हा अमेरिकी चित्रपट १९८८ साली आला. त्यातला खलनायक रंगवणाऱ्या ॲलन रिकमनचे वय तेव्हा ४२ होते, आणि तो त्याचा पहिला चित्रपट होता. ज्युडी डेंच यांना 'शेक्सपिअर इन लव्ह'मधल्या जेमतेम आठ मिनिटांच्या राणी एलिझाबेथसाठी ऑस्कर मिळाले ते ६४व्या वर्षी. इयन मॅकेलन गँडाल्फ म्हणून घराघरांत पोचले तेव्हा ६२ वर्षांचे होते. हॉलिवूडच्या हिशेबाने ही सारी निवृत्तीची वये.

असे का होते, याचे उत्तर आपल्याकडच्या चित्रपटविषयक लेखनात ठरलेले असते : ब्रिटिश रंगभूमीची थोर परंपरा, शेक्सपिअरचे संस्कार वगैरे. मला हे उत्तर कधी पुरले नाही. परंपरेवर नटाचे पोट भरत नाही. मोठ्या पडद्याची फारशी साथ नसताना ही माणसे इतकी वर्षे जगली कशी आणि शिकली कुठे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर लंडनबाहेरच्या गावांमध्ये आहे.

ॲनी हॉर्निमन ही चहाच्या व्यापारातल्या श्रीमंत घराण्यातली बाई. तिने मँचेस्टरचे गेइटी थिएटर घेतले आणि १९०८पासून तिथे पगारी नटसंच ठेवून नाटके करायला सुरुवात केली. बॅरी जॅक्सन या धनिकाने १९१३ साली बर्मिंगहॅममध्ये असेच नाट्यगृह बांधले. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि राल्फ रिचर्डसन हे दोघे विशीत तिथे उमेदवारी करून गेले. या पद्धतीला 'रेपर्टरी' म्हणतात. दोन महायुद्धांच्या दरम्यान ती गावोगाव पसरली.

आपल्याकडे नाटक चालले की त्याचे पाचशे प्रयोग होतात, जाहिरातीत आकडा झळकतो. छोट्या गावांतल्या रेपर्टरीत नेमके उलटे होते. तिथे नाटक आठवडाभरच जगे. सोमवारी रात्री नवे नाटक उघडायचे, मंगळवारी सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम सुरू. रात्री प्रयोग, प्रयोगानंतर खोलीवर जाऊन नव्या नाटकाचे पाठांतर. शनिवारी रात्री नेपथ्य उतरवायचे, रविवारी दुसरे उभे करायचे. आधुनिक नाटकातले सूट नटाने स्वतःचेच आणायचे, असा रिवाज होता. नवा पोरगा असेल तर त्याच्याकडे रंगमंच-साहाय्यकाचे काम : सामान गोळा करा, पडदा सांभाळा आणि तिसऱ्या अंकात एक वाक्य बोलून जा. मायकेल केन या लंडनच्या कामगारवस्तीतल्या मुलाची सुरुवात हॉर्शममध्ये अशीच झाली.

यात रम्य काही होते असे मी म्हणणार नाही. बरीचशी नाटके खुनाच्या रहस्यांची किंवा दिवाणखान्यातल्या विनोदाची असत. सहा दिवसांत भूमिकेच्या खोलात कोण जाणार? नट हातखंडा युक्त्या शिकत आणि कित्येकांना त्या जन्मभर चिकटल्या. पण प्रेक्षकाची भीती मात्र कायमची जाई. विशीतला नट म्हातारा, नोकर, प्रियकर, फौजदार असे सगळे लागोपाठ करी, आणि फसला तर फक्त एका गावापुढे, एका आठवड्यापुरता फसे. चुकायला पगार देणारी शाळा म्हणा हवे तर.

युद्धानंतर या शाळेला सरकारी पैसा मिळू लागला. १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीत १९५८ साली बेलग्रेड थिएटर उभे राहिले. मॅकेलन १९६१ साली तिथे रुजू झाले. नाट्यशाळेत ते कधी गेलेच नव्हते. अनुदानामुळे एका नाटकाला दोन-तीन आठवडे मिळू लागले, तालीम नीट होऊ लागली. वरच्या पायऱ्याही तयार झाल्या : १९६१ साली रॉयल शेक्सपिअर कंपनी, १९६३ साली नॅशनल थिएटर. मॅकेलन आणि डेंच यांचा गाजलेला 'मॅकबेथ' १९७६ साली स्ट्रॅटफर्डच्या एका पत्र्याच्या शेडवजा नाट्यगृहात झाला. तोवर दोघांच्याही पाठीशी पंधरा-वीस वर्षांचे काम होते.

लिव्हरपूलचे एव्हरीमन मला या साखळीतला सर्वांत बोलका दुवा वाटतो. १९६४ साली एका जुन्या प्रार्थनाघरात ते सुरू झाले. सत्तरच्या दशकात तिथे एकाच सुमारास कोण कोण होते पाहा : जोनाथन प्राइस, बिल नाय, पीट पॉसलथ्वेट, ज्युली वॉल्टर्स. पॉसलथ्वेट शाळामास्तर होते, वॉल्टर्स परिचारिकेचे शिक्षण अर्धवट सोडून आलेल्या. श्रीमंत घरचे यांतले कोणी नव्हते. रिकमनही कामगाराचा मुलगा. ग्राफिक डिझाइनचा धंदा सोडून २६व्या वर्षी तो राडा या नाट्यशाळेत गेला, मग गावोगावच्या रेपर्टरीत राबला. १९८५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नाटकात त्याने व्हालमाँ केला, ते नाटक न्यूयॉर्कला गेले आणि तिथे हॉलिवूडच्या निर्मात्याने त्याला पाहिले. ४२व्या वर्षी पदार्पण करणारा हा 'नवा' नट पडद्यावर इतका निवांत का दिसतो, ते यावरून कळावे.

अशा नटांसाठी चित्रपट हा वरकमाईचा मामला असे. ॲलेक गिनेस यांना 'स्टार वॉर्स'चे फारसे प्रेम नव्हते. नफ्यातला हिस्सा मात्र त्यांनी ठरवून घेतला होता, आणि त्याने त्यांचे म्हातारपण सुखात गेले.

मग ही शिडी मोडली. आठवडी रेपर्टरी टेलिव्हिजनने संपवली. अनुदानित नाट्यगृहे टिकली, पण ऐंशीच्या दशकापासून पैसा आखडला तसा कायम नटसंच परवडेना. नाटकापुरते नट घ्यायचे आणि सोडून द्यायचे, ही रीत पडली. नाट्यशाळेत जाणाऱ्या मुलांना स्थानिक नगरपालिका शिष्यवृत्ती देत असत. ती ऐच्छिक होती, म्हणून कपात आली तेव्हा आधी तीच गेली. त्यानंतरच्या पिढीतली नावे पाहा. डेमियन लुईस, टॉम हिडलस्टन, एडी रेडमेन हे तिघे ईटनचे. बेनेडिक्ट कंबरबॅच हॅरोचा. दोन्ही शाळा धनिकांच्या. ही मंडळी उत्तम नट आहेत आणि शाळा निवडली हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. पण पगाराविना पाच-सात वर्षे थांबणे कोणाला परवडते, ते या यादीवरून दिसते. आपल्यासारख्या घरांतल्या मुलांना आता ही वाट बंद झाली आहे, असे ज्युली वॉल्टर्स यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

एव्हरीमनची जुनी वास्तू पाडून तिथे नवी बांधली गेली. २०१४ साली तिला वास्तुकलेचे मानाचे स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. २०१७ साली तिथे पुन्हा एकदा पगारी नटसंच नेमण्यात आला. दोन हंगामांनंतर पैशाअभावी तो बंद करावा लागला.