फोटोतली गाडी विलायतेची की मुंबईची?

३ फेब्रुवारी १९२५. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनसवर उद्घाटन झालं आणि चार डब्यांची एक गाडी धूर न सोडता कुर्ल्याकडे निघाली. शिवडी-वडाळ्याकडून जाणारा हार्बर मार्ग, अंतर सोळा किलोमीटर, डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह. देशातली ही पहिली विजेची प्रवासी गाडी. या नव्या सेवेसाठी जीआयपी रेल्वेने डबे मागवले ते इंग्लंडच्या कॅमेल लेयर्ड कंपनीकडून आणि जर्मनीत ऱ्हाइनकाठी असलेल्या ऊर्डिंगेनच्या कारखान्यातून.

त्यामुळे लालबाग-परळच्या एखाद्या घरात जुन्या आगगाडीचा फोटो सापडला आणि कुणी म्हणालं, ‘ही तर युरोपातली गाडी’, तर त्याला पुरतं चूकही म्हणता येत नाही. घडली तिकडे, धावली इकडे. प्रश्न उरतो तो फोटो कुठे आणि कधी काढला, हा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा फोटोतच असतं, फक्त गाडीच्या तोंडाकडे बघण्याआधी तिच्या पायांकडे बघावं लागतं.

सुरुवात रुळांपासून. युरोपात बहुतेक ठिकाणी दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर असतं, आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. म्हणजे साधारण साडेनऊ इंचांचा फरक. समोरून काढलेल्या फोटोत तो नजरेत भरतो. आपली गाडी पाय फाकून उभी असल्यासारखी दिसते. स्पेन-पोर्तुगालच्या गाड्यांनी मात्र गोंधळ होऊ शकतो, कारण त्यांचे रूळही जवळजवळ आपल्याएवढेच रुंद असतात. तिथे डब्यावरची अक्षरंच कामाला येतात.

अक्षरं दिसली तर अर्धं काम झालं. जीआयपी किंवा बीबीसीआय असं लिहिलेलं असेल तर ती पाटी ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीची, कारण त्या दिवशी या दोन जुन्या रेल्वेंच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे जन्माला आल्या. फलाटावर ‘कुलाबा’ असेल तर आणखी मागे जायचं. चर्चगेटच्या पुढे समुद्राकडे असलेलं ते स्टेशन १९३०च्या अखेरीस बंद झालं. तिथून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या जानेवारी १९२८मध्ये सुरू झाल्या होत्या. म्हणजे कुलाब्याच्या फलाटावर विजेची लोकल उभी असलेला फोटो जेमतेम तीन वर्षांच्या काळातलाच असू शकतो.

सगळ्यात जास्त फसवणारं इंजिन म्हणजे खेकडा. पुढे-मागे लांब, बुटकी नाकं आणि मधे केबिन. इंजिन विजेचं, पण चाकं मात्र वाफेच्या इंजिनासारखी दांड्यांनी जोडलेली. थांबलं की कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चाललं की दांड्यांची सळसळ ऐकू यायची. रेल्वेतल्या माणसांनी त्याला खेकडा म्हटलं ते त्यावरूनच. आराखडा स्वित्झर्लंडच्या विंटरथूरचा. काही इंजिनं तिथेच तयार झाली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे मार्गासाठी इंजिनं आली तीही याच व्हल्कन फाउंड्रीतून. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी आलेले हे खेकडे बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळ घाटात मालगाड्या चढवत होते.

स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावर अशाच रूपाची इंजिनं धावत. त्यांना तिकडे मगर म्हणत. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर जाणकारही क्षणभर थबकतो. खूण नाकाच्या टोकाखाली आहे. स्विस मगरीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटं, सुटं चाक असतं. आपल्या खेकड्याला ते नाही. प्रत्येक टोकाकडे तीन-तीन मोठी चाकं, बस्स. खात्री करायची तर वरळीला नेहरू विज्ञान केंद्रात जावं. तिथे एक खेकडा उभा आहे आणि चाकं मोजायला कुणी अडवत नाही.

डब्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. डेक्कन क्वीन १ जून १९३०ला सुरू झाली तेव्हा तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले होते आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक चंदेरी, लाल पट्ट्यांची. दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. कृष्णधवल फोटोत रंग दिसत नाही, पण उजळ गाडी कुठली आणि काळपट कुठली, हे सहज कळतं. अशा गाडीला ‘इंग्लिश’ म्हणणं हा माटुंग्याच्या सुतार-लोहारांवर अन्याय आहे. या गाडीला तिसरा वर्ग जोडला गेला जून १९५५मध्ये. डेक्कन क्वीनच्या डब्यावर तिसऱ्या वर्गाची खूण दिसली, तर फोटो त्यानंतरचा.

परळचा रेल्वे कारखाना १८७९चा, लोअर परळचा १८७६चा. या दोन कारखान्यांत आणि माटुंग्याला पिढ्यान्‌पिढ्या कामाला गेलेली कुटुंबं आजही याच भागात आहेत. निवृत्तीच्या दिवशी इंजिनापुढे उभं राहून काढलेले, खात्याच्या सहलीचे, फलाटावर हार घातलेल्या गाडीचे फोटो त्यांच्याच घरांत असतात. चाळींचा पुनर्विकास होतो तेव्हा सामान हलवताना सगळ्यात आधी रद्दीत जातात ते हेच कागद.

तुमच्या घरी असा फोटो असेल तर टाकू नका. त्याची मागची बाजू वाचा, फोटोत कोण आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा, आणि नाव, ठिकाण, साल मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवा.