मार्गदर्शन एटीकेटीच्या आधी हवे

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला आज अभ्यासाइतकीच निवडही जड जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मेजर, मायनर, खुले ऐच्छिक विषय आणि श्रेयांक यांचे गणित त्याला प्रवेशाच्या खिडकीशीच सोडवावे लागते. एक श्रेयांक म्हणजे सत्रात साधारण १५ तास अध्यापन, एवढा हिशेबही त्याला ठाऊक नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा उपक्रम सुचवला तो अशा नवख्यांसाठीच. पण स्वागत-समारंभ आटोपला की विद्यार्थ्याला नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाचे नाव सूचनाफलकापुरतेच उरण्याचा धोका असतो.

शिक्षकाने आपणहून मार्गदर्शन करावे म्हटले, तर मुले सज्ञान आहेत, अडले तर विचारतील, असा आक्षेप घेतला जातो. मात्र विचारण्यासाठी आपले नेमके काय अडले आहे हे आधी कळावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलाला ते कित्येकदा निकालपत्रावर एटीकेटी दिसल्यावरच उमगते. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, हेही खरे. म्हणून प्रत्येकाला तासभर देण्याची गरज नाही. पहिल्या अंतर्गत चाचणीनंतर हजेरीपट आणि गुण शेजारी ठेवावेत आणि दोन्हींकडे घसरलेल्यांना आधी बोलवावे. दहा मिनिटांचे ते बोलणे वेळेवर झाले, तर पुढचे अख्खे सत्र सावरता येते.