रुळांची सांधेदुखी

शिवाजीनगर म्हटले की बहुतेक मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचे स्टेशन उभे राहते. परंतु बंगळूरलाही एक शिवाजीनगर आहे. ज्या शहराची जहागीर सतराव्या शतकात शहाजीराजांकडे होती, त्या शहरातील ही एक गजबजलेली वस्ती. तिच्या लगतच्या कँटोन्मेंट स्टेशनाला जोलारपेट्टैशी जोडणारा मद्रास रेल्वेचा मार्ग १८६४ साली सुरू झाला. त्याच मार्गाने पूर्वेस थोडे पुढे गेले की बैयप्पनहळ्ळी लागते. बंगळूरच्या मेट्रोची पहिली गाडी २० ऑक्टोबर २०११ रोजी येथून धावू लागली व त्या गाड्यांचे आगारही येथेच उभे राहिले. जुन्या लोहमार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर, तर नव्याची १४३५. दोन्ही मार्गांच्या वयात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. परंतु दोघांचे एक दुखणे मात्र अगदी सारखे. ते म्हणजे सांध्यांचे.

आगगाडीला मोटारीसारखे सुकाणू नसते. रूळ नेतील तिकडे तिने जायचे. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर तिला वळवण्याची जी योजना असते, तिला आपण सांधा म्हणतो आणि तो बदलणाऱ्यास सांधेवाला. सांध्याची रचना पाहण्यासारखी असते. जागचे न हलणारे दोन रूळ बाहेरच्या बाजूस असतात. त्यांच्या आत जिभेसारखे निमुळते होत गेलेले दोन हलते रूळ असतात. त्यांना टंग रेल असे नाव आहे. हे दोन्ही रूळ आडव्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडलेले असल्यामुळे एकदमच सरकतात. त्यांपैकी एक जीभ बाहेरच्या रुळास घट्ट चिकटली की दुसरी आपोआप दूर होते. त्यांची ही हालचाल जेमतेम वीतभरही नसते. आपल्या ब्रॉडगेजवरील नव्या सांध्यांत ती किमान ११५ मिलिमीटर ठेवतात. एवढ्याशा हालचालीवर शेकडो टनांची गाडी कोणत्या वाटेने जाणार हे ठरते.

पुढे दोन रूळ एकमेकांस छेदतात, ते क्रॉसिंग. तेथे चाकाची कड पलीकडे जावी म्हणून रुळात थोडी फट ठेवावीच लागते. स्टेशनात शिरताना गाडीचा जो विशेष खडखडाट ऐकू येतो, त्यात या फटीवरून उडी घेणाऱ्या चाकांचा मोठा वाटा असतो. प्रत्येक चाकाचा घाव तेथे बसतो. म्हणून क्रॉसिंग बहुधा मँगनीज पोलादाचे ओततात. रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने १८८२ साली शोधलेल्या या पोलादाचा गुण मोठा विलक्षण आहे. घाव बसत जातात तसतसा त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होत जातो. तथापि झीज त्यालाही चुकत नाही.

आता कोणी म्हणेल, की गाड्या भरधाव जातात त्या मुख्य मार्गावर. आगारात त्या गोगलगाईच्या गतीने चालतात, मग तेथील सांधे झिजावेत कशाने? याचे उत्तर आगाराच्या मांडणीत आहे. थोड्या जागेत पुष्कळ मार्ग बसवायचे म्हणजे वळणे अवघड येतात. वळणावर चाकाची कड रुळाच्या अंगाला घासत जाते आणि जिभेचे पातळ टोक आधीच नाजूक. शिवाय कुर्ल्याची कारशेड असो वा बैयप्पनहळ्ळीचे आगार, रात्री सगळ्या गाड्या मोजक्याच तोंडांतून आत येतात व पहाटे तेथूनच बाहेर पडतात. मार्ग फुटत जातात तसा एकेका सांध्यावरचा भार कमी होतो. परंतु तोंडावरच्या पहिल्या सांध्याला प्रत्येक गाडीचे प्रत्येक चाक सोसावे लागते. तो एक सांधा पहाटे अडला, तर मागच्या धडधाकट गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात आणि शहरातील हजारो माणसे फलाटावर खोळंबतात.

मुख्य मार्गावर प्रश्न खोळंब्याचा राहत नाही, प्राणांचा होतो. १० मे २००२ रोजी इंग्लंडमधील पॉटर्स बार स्टेशनाजवळ एका धावत्या गाडीखाली सांधा सरकला. पुढचे डबे नीट निघून गेले आणि शेवटचा डबा रूळ सोडून फलाटावर जाऊन आदळला. सात माणसे दगावली. दोन जिभांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे नट जागेवर राहिले नव्हते, असे चौकशीत दिसून आले.

म्हणून सांध्याची तपासणी डोळ्यांच्या अंदाजावर सोडत नाहीत. जीभ आणि बाहेरचा रूळ यांच्यामध्ये टोकाजवळ ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा धरून सांधा बदलून पाहतात. तुकडा मध्ये असताना सांध्याचे कुलूप लागता कामा नये. ते लागले, तर जीभ पुरती मिटलेली नसताही यंत्र ती मिटल्याची ग्वाही देत आहे, असा त्याचा अर्थ होतो. जिभेचे टवके किती उडाले, तिला पीळ पडला आहे काय, हेही पाहतात. टोकापासूनच्या एक मीटरात टवक्यांची एकूण लांबी २०० मिलिमीटर भरली की ती जीभ बाद समजावी, असा आपल्या रेल्वेचा दंडक आहे.

झिजलेला भाग बदलतानाही एक पथ्य पाळावे लागते. काटकसरीच्या बुद्धीने कोणास वाटेल, की जीभ झिजली तर तेवढीच बदलावी, बाहेरचा रूळ अजून चालण्याजोगा आहे. परंतु बाजूने झिजलेल्या रुळाशी नवी कोरी जीभ नीट मिळत नाही. तिचे टोक किंचित बाहेर राहते आणि येणाऱ्या चाकाची कड त्यावर चढू शकते. तीच कड झिजून धारदार झालेली असेल, तर धोका दुणावतो. म्हणून जीभ आणि तिचा शेजारी रूळ यांची जोडी एकत्र पाहावी लागते व बहुधा एकत्रच बदलावी लागते. येथे अर्धी दुरुस्ती ही मूळच्या झिजेहून अधिक घातक ठरू शकते.

प्रत्यक्ष काम बहुधा रात्री, वाहतूक थांबवून मिळालेल्या थोडक्या तासांत उरकायचे असते. नवे रूळ आधीच मापून शेजारी आणून ठेवलेले असतात. सिग्नल खात्याशी लेखी देवघेव होऊन सांध्याचा यंत्राशी असलेला संबंध तोडला जातो. मुकादमाच्या इशाऱ्यावर पहारी चालू लागतात. जुने रूळ निघतात, नवे बसतात, रुंदी मापली जाते, खाली खडी ठोकून भरली जाते. मग मोटर जोडून सांधा पुन्हापुन्हा फिरवतात आणि अखेरीस तो ५ मिलिमीटरचा तुकडा पुन्हा एकदा आपली साक्ष देतो. ती साक्ष मिळाल्यावाचून पहिली गाडी सोडत नाहीत.

दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. सांधा झिजतो तो महिनोन्‌महिने, केसाकेसाने. गाडी आज गेली म्हणजे उद्याही जाईल, असे वाटत राहते. चालत्या सांध्यावर खर्च कशाला, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सयुक्तिक दिसतो. परंतु जो सांधा अडल्यावर बदलला जातो, त्याची किंमत फलाटावरच्या प्रवाशाने मोजलेली असते. अडण्यापूर्वी जो बदलला गेला, त्याची वार्ता त्या प्रवाशाला कळतही नाही. पहाटेची गाडी वेळेवर येते, तो चढतो आणि खडखडाट ऐकत कामावर जातो.