ट्वेटो, एरिअल

ट्वेटो, एरिअल : (१९८७ – ). अलास्कातील वैमानिक कुटुंबात वाढलेली अमेरिकन दूरचित्रवाणी कलावती. बेरिंग समुद्राच्या नॉर्टन साउंड या फाट्यावरील उनालक्लीट या सु. ७०० लोकवस्तीच्या गावी तिचे बालपण गेले. तिचे वडील जिम ट्वेटो मिनेसोटा राज्यातून आइस हॉकीच्या शिष्यवृत्तीवर अलास्कात आले आणि पुढे विमानवाहतुकीच्या व्यवसायात पडून तेथेच स्थायिक झाले. आई फर्नो ही स्थानिक इनुपिआक समाजातील. एरिअलची प्रसिद्धी या कौटुंबिक व्यवसायातूनच उद्‌भवली असल्याने प्रथम त्याचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल.

अलास्कातील बहुसंख्य गावे रस्त्यांनी जोडलेली नाहीत. राजधानी जूनो येथेही बाहेरून मोटारीने जाता येत नाही. हिवाळ्यात नद्या व किनाऱ्याचा समुद्र गोठला, की जलमार्गही खुंटतो. १९२५ च्या जानेवारीत नोम येथे घटसर्पाची साथ उद्‌भवली, तेव्हा प्रतिविषाच्या कुप्या नेनाना येथून सु. १,०८५ किमी. अंतर कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी न्याव्या लागल्या. त्या वाटेवर उनालक्लीटही होते. वास्तविक कार्ल बेन आयल्सन याने १९२४ मध्येच फेअरबँक्स ते मग्राथ अशी टपालफेरी विमानाने केली होती. परंतु चालकाची बैठक उघडी असलेली तेव्हाची विमाने त्या कडाक्याच्या थंडीत भरवशाची नव्हती. पुढील दशकांत विमाने सुधारली आणि घसरगाडीचे काम त्यांच्याकडे आले.

अशा दुर्गम प्रदेशात लहान विमाने चालविणाऱ्यांस ‘बुश पायलट’ म्हणतात. नदीकाठचे खडीचे पट्टे, बर्फ वा गोठलेली सरोवरे यांवरही त्यांना विमान उतरवावे लागते. त्यासाठी ऋतुमानानुसार विमानास रुंद व कमी दाबाची चाके, घसरपट्ट्या किंवा तरंडे बसवितात. टपाल म्हणजे पत्रे, ही कल्पना येथे अपुरी पडते. ‘बायपास मेल’ या योजनेनुसार किराणा माल टपाल कार्यालयात न जाता घाऊक व्यापाऱ्याकडून थेट विमानात चढतो, मात्र मागणी किमान १,००० पौंडांची (सु. ४५४ किग्रॅ.) असावी लागते. रुग्ण, शिक्षक, शाळांचे खेळाडू, यंत्रांचे सुटे भाग अशी सर्व ने-आण याच मार्गाने होते. पंखांवर साचणारे बर्फ, दाट धुके आणि आकाश व हिमभूमी एकरूप होऊन क्षितिज नाहीसे होणे, हे नेहमीचे धोके होत. बेथेल परिसरात १९९९ पासून ‘कॅपस्टोन’ प्रकल्पाखाली विमानांत उपग्रहाधारित स्थानदर्शक उपकरणे बसविण्यात आली, त्यानंतर तेथील अपघात लक्षणीय प्रमाणात घटले.

एरिअल २००८ मध्ये ‘वाइपआउट’ या स्पर्धात्मक कार्यक्रमात चमकली. तिचे नाव खऱ्या अर्थाने सर्वतोमुखी झाले, ते डिस्कव्हरी वाहिनीवरील फ्लाइंग वाइल्ड अलास्का (२०११-१२) या तीन सत्रांच्या मालिकेमुळे. जिम ज्या एरा अलास्का कंपनीचे मुख्य संचालन अधिकारी होते, तिचे दैनंदिन काम हा मालिकेचा विषय. वाऱ्या-वादळाचा थरार तीत काहीसा वाढवून दाखविला असला, तरी गावाला दूध-पीठ वेळेवर पोहोचावे एवढ्यासाठी चाललेली धडपडच तिचा खरा गाभा होय. बडबडी, खोडकर एरिअल मालिकेत स्वतः विमान चालविण्यास शिकताना दिसते. तिच्यामुळे इनुपिआक घरातील जेवणखाण, थट्टामस्करी व नातीगोती दूरच्या प्रेक्षकांसमोर आली. मूळ रहिवाशांचे गंभीर व दुःखी चित्रच पाहण्याची सवय असलेल्यांना हे नवे होते. तिने गावोगावच्या तरुणांमध्ये आत्महत्या-प्रतिबंधासाठीही काम केले. इन्टू अमेरिकाज वाइल्ड (२०२०) या विशाल पडद्यावरील माहितीपटात अंतराळवीर जॉन हेरिंग्टन याच्यासमवेत तिचा सहभाग आहे.

एरा अलास्काचे २०१४ मध्ये ‘रॅव्हन अलास्का’ असे नामांतर झाले. कोविड-१९ च्या साथीत प्रवासी एकाएकी घटल्यामुळे एप्रिल २०२० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर करून उड्डाणे थांबविली. शंभरांहून अधिक गावांची वाहतूक त्यामुळे विस्कळीत झाली व इतर कंपन्यांना ती घाईने हाती घ्यावी लागली. जिम ट्वेटो यांनी मात्र उड्डाण सोडले नाही. १६ जून २०२३ रोजी उनालक्लीटच्या उत्तरेस शाक्टूलिकच्या परिसरात त्यांचे सेसना १८० हे विमान उड्डाणानंतर कोसळले. त्यात ते व त्यांच्यासोबतचा एक जण मरण पावले.